डोळे बांधून पाहिलेला रस्ता

एका राजाने एकदा आपल्या राज्यातले सगळे रस्ते बारा विभागांत वाटून दिले. वाटणीचा नकाशा एका वृद्ध आचार्यांनी आखला होता, आणि त्यातला उत्तर विभाग त्यांच्याच शिष्याकडे आला. तीन वर्षांत शिष्याने आपला रस्ता असा केला की, गाडीतल्या भरल्या घागरीतले पाणी हिंदकळू नये. आता आचार्य पाहणीला येणार होते. गुरूंच्या तोंडून एक 'शाबास' ऐकायला तो आसुसला होता.

आचार्य आले, बैलगाडीत बसले आणि उपरण्याने त्यांनी स्वतःचे डोळे बांधून घेतले.

शिष्य हिरमुसला. "गुरुजी, मग रस्ता दिसणार कसा?"

"चल तर खरा."

कोसामागून कोस गेले. आचार्य हूं की चूं करीनात. अचानक गाडीला असा हिसका बसला की गुरुशिष्यांची डोकी एकमेकांवर आदळली.

"तुझी हद्द संपली वाटतं?" आचार्यांनी विचारले.

"अगदी बरोबर ओळखलंत!" शिष्य अभिमानाने म्हणाला. दहा पावले मागे हद्दीचा दगड होता. त्याच्याशेजारी उरलेल्या खडीचा नीटस ढीग रचलेला होता. पलीकडच्या अधिकाऱ्याने ती खडी मागितली, तेव्हा शिष्याने उलट उत्तर धाडले होते, 'खड्डा आमच्या विभागात नाही.'

गाडीवान उतरून चाक पाहत होता. तो हळूच म्हणाला, "सुनेला सुइणीकडं नेत व्हतो, म्हाराज. हितंच गाडी कलंडली. सून वाचली. पोर न्हाई वाचलं."

शिष्याला वाटले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे.

"राज्य एका माणसाच्या आवाक्यात येईना," आचार्य म्हणाले, "म्हणून मी कागदावर रेघा ओढल्या. ती रेघ जमिनीवर तू आणलीस, बाळ. आणि इतकी ठळक, की आंधळ्यालाही कळावी."

"खड्डा मला माहीत होता," शिष्य गाडीवानाला म्हणाला. त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य मात्र त्याला झाले नाही.

आचार्यांनी डोळ्यांवरचे उपरणे सोडले, त्याची चुंबळ वळली आणि शिष्याच्या डोक्यावर ठेवली. शिष्याने मुकाट्याने खडीची पाटी भरली. पण भरली पाटी डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो.

"जरा... हात लावता का?" त्याने गाडीवानाला विचारले.

गाडीवान बराच वेळ खड्ड्याकडे पाहत उभा राहिला. मग पुढे येऊन त्याने पाटीला हात लावला.