छिटात अडकलेला सिदोजी

एका राज्यात समुद्रकाठी छिटाचे कापड रंगवणारे चितारी राहत. ते सुती कापडावर लेखणीने वेली-पाखरे काढीत, आणि गलबते ते कापड दूरदेशी नेत. त्यांत सिदोजीचा हात सर्वांत सरस. एका मांत्रिकाने त्याची विद्या मागितली. सिदोजीने नकार दिला, तेव्हा मांत्रिकाने त्याला त्याच्याच रंगवलेल्या कापडात चित्र करून टाकले.

ते कापड राजाने परदेशच्या राणीला कबूल केले होते. ते पाठवू नये म्हणून सिदोजीची बायको नागूबाई राजाकडे गेली. राजा कष्टी झाला. पण शब्द मोडता येत नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी गलबत सुटेल, तोवर कापड तुझे, असे त्याने सांगितले.

तिने घरी कापड पसरले. चित्रातल्या पोपटाने चोच उघडली.

“नागूबाई, याच्या अंगात रक्त नाही. नागटेकडीची मंजिष्ठ, मांत्रिकाच्या गुहेतली तुरटी आणि मुक्या झऱ्याचे पाणी आण. त्याला लाल रंग चढव.”

टेकडीवर मंजिष्ठेच्या मुळांना विळखा घालून नाग बसला होता. त्याच्या फण्यात काटा रुतला होता. तिने तो काढला, तसा नाग बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी मांत्रिक दुपारी झोपला असता तिने त्याच्या उशाखालून तुरटी काढून तिथे दगड सारला. तिसऱ्या दिवशी ती झऱ्याशी गेली. कुणालाही न सांगितलेले ऐकल्याखेरीज तो पाणी देत नसे.

“माझ्याच हातून त्यांचा जीव जाईल, याची मला भीती वाटते,” ती म्हणाली. झरा वाहू लागला.

घरी येऊन तिने तुरटीचे पाणी लेखणीने सिदोजीच्या चित्रावर फिरवले. कढईत मंजिष्ठ उकळत होती. तिचा हात थांबला.

“दुसरा उपाय?”

“नाही,” पोपट म्हणाला.

तिने कापड कढईत सोडले. सारे कापड लाल झाले. मग झऱ्याच्या पाण्यात ते पिळता पिळता बाकीचा रंग वाहून गेला; तुरटी लागली होती तिथे मात्र टिकला. सिदोजीचे गाल तांबूस झाले, छाती हलली, आणि तो ओलाचिंब, खोकत बाहेर आला.

“भूक लागली आहे,” तो म्हणाला. नागूबाई पोटभर रडली.

जादू मोडली त्याच घटकेला मांत्रिक आपले सारे मंत्र विसरला. तो राज्य सोडून निघून गेला. पोपट चित्राचा होता, तो चित्रातच राहिला. सकाळी कापड गलबतावर चढले, राजाचा शब्द राहिला. नागूबाईने दोन घास वाढले, सिदोजी जेवला आणि ऊन डोक्यावर येईतो झोपला. तिचा जीव जसा भांड्यात पडला, तसा ऐकणाऱ्यांचाही पडो.