न्हाणीचा ढाळ

फार पूर्वी डोंगराखालच्या एका गावात एक गवंडी राहायचा. त्याने केलेली जमीन इतकी सपाट, की दुधाने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली तरी थेंब सांडायचा नाही. कामाला गडी चोख, पण ते स्वतःच्याच तोंडाने सांगायची त्याला भारी हौस!

त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आदल्याच वर्षी गावातली एक बाळंतीण निसरड्या न्हाणीत पडून कायमची अधू झाली होती. त्या धास्तीने गवंड्याने लेकीसाठी नवी न्हाणी बांधायला घेतली. फरशीखालचा थर म्हणून चुन्याचा कोबा घातला आणि ठोकून ठोकून सपाट केला.

गावची म्हातारी सुईण बघायला आली. तिला जिथे तिथे नाक खुपसायची सवय. तिने कोब्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवी बसून बघत राहिली. पाणी जागचं हललं नाही.

"हे जायचं कुठं रे?"

"वरच्या फरशीला ढाळ देतो की, मावशी. तुम्ही बाळंतपणं बघा, बांधकाम माझ्यावर सोडा."

आणि त्याने तो दिलाही. चुना कमीजास्त पसरून फरश्या पाणी बाहेर जायच्या मोरीकडे उतरत्या बसवल्या. पाणी सरसर वाहून जाऊ लागलं. सगळा गाव कौतुक करून गेला.

सुईणीला मात्र चैन पडेना. फटींतून खाली मुरणारं पाणी कुठे जात असेल? तिने हळद कालवलेलं घागरभर पाणी फरशीवर ओतलं. तेही वाहून गेलं. पाचव्या दिवशी येऊन तिने कोपऱ्यातली फरशी टाचेने दाबली. फटीतून पिवळं पाणी वर आलं आणि कुबट वास सुटला.

गवंड्याचा चेहरा उतरला. खालच्या सपाट कोब्यावर पाणी तुंबून राहिलं होतं. आता शेवाळ धरायला आणि फरशी हलायला कितीसा वेळ? पण फोडावं तर पुन्हा पंधरा दिवसांचं काम, लेकीचे दिवस भरत आलेले, आणि वर गाव हसणार.

"मावशी, कुणाला सांगणार नाही ना?"

"मी कशाला सांगू? पाय तुझ्या लेकीला ठेवायचाय तिथं."

गवंडी पहार घेऊन आला. फरश्या उखडल्या, कोबा फोडला. "वाटी सांडली रे!" म्हणून लोक खिदळले. या वेळी त्याने भिंतीपासून मोरीपर्यंत दोरी ताणून कोब्यालाच ढाळ दिला. सुईण पाणी ओती, ते जिथे थबके तिथे तो पुन्हा ठोके. फरशी त्यानंतर बसली.

बाळ काही त्याच्या कोब्यासाठी थांबलं नाही. पहिले अकरा दिवस लेकीला अंगणात, चादरीच्या आडोशाला पाटावर न्हाऊ घालावं लागलं. गवंडी मान खाली घालून पाणी तापवत राहिला.

बाराव्या दिवशी लेक बाळाला घेऊन न्हाणीत गेली. हा दाराबाहेर कान देऊन उभा.

"कशी झालीय गं जमीन?"

"जमिनीकडे कुठं लक्ष आहे, बाबा?" लेक आतून हसत म्हणाली. "बाळ बघा ना, पाण्यात कसं पाय मारतंय!"

गवंड्याचे डोळे भरून आले. अशी शाबासकी त्याला आजवर कुणी दिली नव्हती.

तात्पर्य इतकंच: जे काम पुढे झाकलं जाणार, तेच आधी नीट करावं. लोक वरचं बघून जातात, पाणी खालचं शोधून काढतं.