म्हादूने माठाची गळती थांबवली

डोंगराच्या कुशीतल्या कुसवडे गावात म्हादू नावाचा एक भोळा कुंभार राहायचा. आळस त्याच्या अंगात नव्हता. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही, सांगितलं तसंच करायचा. त्याच्या बायकोची, राहीची, सगळी पंचाईत त्यातच होती.

चाक राही चालवायची, भट्टीही तीच लावायची. म्हादू माती आणायचा, मळायचा आणि माठ बाजारात पोचवायचा. त्या साली डोंगरावरच्या देवीच्या जत्रेत पाणपोईला माठ देण्याचं काम राहीला मिळालं. जत्रेचे पंच नाना इंगवले स्वतः घरी येऊन सांगून गेले, "राहीबाई, गेल्या वर्षीच्या कुंभाराचे माठ फुटके निघाले. तुमच्या मालाची तक्रार आली नाही, तर इथून पुढं जत्रेचं काम तुमचंच."

राहीने त्या दिवशी म्हादूला समोर बसवलं.

"अहो, नीट ऐका. प्रत्येक माठ बोटाने वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर ठेवायचा. बद्द वाजला तर बाजूला काढायचा. न वाजवता कुठलाही माल घरात ठेवायचा नाही."

"समजलं," म्हादू म्हणाला.

खरंच समजलं होतं. त्याने पहिल्या भट्टीतले सगळे माठ वाजवले, कच्चे होते ते अचूक बाजूला काढले. राहीला बरं वाटलं. दुसऱ्या भट्टीला हात लावायला माहेरची माणसं येणार होती, म्हणून तिने त्याला अंडी आणायला पाठवलं.

म्हादू टोपली भरून अंडी घेऊन आला. दारातच बसला आणि एकेक अंडं बोटाच्या पेराने वाजवू लागला. पहिलं बद्द वाजलं. त्याने जरा जोरात वाजवलं, तर ते फुटलं. दुसऱ्याचंही तेच झालं.

राही बाहेर आली तेव्हा उंबऱ्यावरून पिवळं पाणी वाहत होतं.

"एकही खणखणीत निघालं नाही," म्हादू म्हणाला. "सगळा मालच कच्चा दिला बघ त्याने."

राहीने कपाळाला हात लावला. "अहो, अंडी अशी वाजवत नाहीत. अशा मालातलं एकच घ्यायचं, ते तपासायचं. ते चांगलं निघालं की बाकीची चांगली समजायची. सगळ्यांच्या वाटेला जायचं नाही."

"हे आधी सांगायचंस. किती वेळ वाचला असता," म्हादू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राहीचा भाऊ, भावजय आणि चुलते आले. दिवसभर सगळ्यांनी भट्टी रचली, गोवऱ्या लावल्या. संध्याकाळी दमून भागून पंगतीला बसले. राही भट्टीपाशी होती. वाढायला म्हादू.

त्याने पहिल्या पानावर, म्हणजे राहीच्या भावाला, भाकरी वाढली, पिठलं वाढलं, पुन्हा भाकरी वाढली, वर भात वाढला. भावाने ढेकर दिला.

"पोट भरलं का?" म्हादूने विचारलं.

"भरलं की, दाजी."

म्हादूने समाधानाने मान हलवली आणि बाकीच्यांची रिकामी पानं उचलायला सुरुवात केली.

"अहो जावईबापू, आम्ही जेवायचे आहोत," चुलते म्हणाले.

"तुमचीही भरली," म्हादूने त्यांना समजावलं. "एक तपासलाय मी."

राही येईपर्यंत चुलत्यांनी पायात वहाणा घातल्या होत्या. तिने हात जोडून त्यांना परत बसवलं आणि म्हादूला चुलीमागे नेलं.

"माणसांचं तसं नसतं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ज्याला देतोय त्याला विचारायचं. तो स्वतःच्या तोंडाने 'पुरे' म्हणेपर्यंत हात आखडायचा नाही. मग कुणी नाराज होत नाही."

"पुरे म्हणेपर्यंत," म्हादूने घोकून ठेवलं.

भट्टी चांगली लागली. तरी थोडे माठ कमी पडत होते, म्हणून राहीने आणखी माती भिजवायला सांगितली. अंगणाच्या वरच्या अंगाला ओढा होता. त्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून मातीच्या खड्ड्यात येई. म्हादूने पन्हळ सोडली आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.

"पुरे का?" त्याने मातीला विचारलं.

माती काही बोलली नाही. पाणी येत राहिलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, मग आणखी जवळ जाऊन विचारलं. माती विरघळली, खड्डा भरला आणि चिखल अंगणात उतरला. आता चिखल आलाय म्हटल्यावर तो काढायला हवा, हे म्हादूला कुणी सांगावं लागलं नाही. तो करवंटी घेऊन अंगणाच्या खालच्या टोकाला चिखल उपसत बसला. वरून पाणी येतच होतं.

राहीने ते पाहिलं. ती चिखल तुडवत वर गेली, मातीचा एक गोळा उचलला आणि पन्हळीच्या तोंडात दाबून बसवला. पाणी थांबलं.

मग ती परत आली. तिचा आवाज थकलेला होता.

"गडबड दिसली की ती निस्तरत बसायचं नाही. ती कुठून आली ते बघायचं. तिथून मागं, अजून मागं, पार मुळापर्यंत जायचं. आणि मुळातच बंद करायची. एवढं एक लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

म्हादूला हे फार पटलं. बाकी सगळं तो तिथल्या तिथे विसरला.

जत्रेचा दिवस उजाडला. माठ डोंगरावर पोचले. पाणपोई सजली. देवळामागच्या कड्यात दगडी गोमुख होतं, मुठीएवढ्या तोंडातून बारमाही धार पडायची. सगळ्या जत्रेला तेवढंच पाणी. तिथून घागरी भरून माठांत ओतल्या जात. राही प्रसादाच्या मडक्यांकडे गेली आणि म्हादूला पाणपोईवर बसवून गेली.

"एकही तक्रार येता कामा नये," जाताना ती म्हणाली.

ऊन चढलं. गर्दी वाढली. एक म्हातारी पाणी पिता पिता म्हणाली, "बाळा, हा माठ गळतोय रे."

म्हादू वाकला. माठाच्या बुडातून थेंब पडत होता. फडकं घ्यायला हात पुढे केला, पण लगेच मागे घेतला. निस्तरत बसायचं नाही. थेंब कुठून येतो? माठातल्या पाण्यातून. माठात पाणी कुठून येतं? घागरीतून. घागरीत कुठून येतं?

म्हादू उठला आणि कड्याकडे चालू लागला. वाटेत त्याने चिकणमातीचा चांगला मोठा गोळा घेतला.

दुपारी नाना इंगवले लोकांची गर्दी सारत पाणपोईपाशी आले. जिभेला कोरड पडली होती. मागे सगळी जत्रा रिकामे तांबे घेऊन उभी होती. कीर्तनकारांचा आवाज बसला होता, बैल हंबरत होते, पोरं रडत होती. धावत आलेली राही नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"म्हादू, पाणी कुठं गेलं?" नानांनी विचारलं.

"ते कड्यातच बंद केलं," म्हादू म्हणाला. "वरून दगड ठोकलाय पक्का. आता काढतो म्हटलं तरी निघायचा नाही."

नाना मटकन खाली बसले. समोर माठांची रांग होती. त्यांनी एकेका माठाच्या बुडाखाली हात फिरवला. सगळे खडखडीत कोरडे.

म्हादू राहीच्या कानाशी वाकला. तिचा चेहरा उतरलेला पाहून त्याला वाईट वाटलं.

"काळजी करू नकोस," तो म्हणाला. "माठाची तक्रार कुणाचीच नाही. सगळे पाण्याच्या नावाने ओरडतायत, आणि पाणी काही आपण विकलेलं नाही."