नंदिकेतल्या दोन ओंजळी

पाय पांघरुणात घ्या पाहू. तर, एक राजा होता आणि त्याचे आभाळाशी भांडण होते. राजाचे नाव रिपुदमन. त्याच्या राज्याच्या कडेने नंदिका नदी वाहत असे, आणि नदीपलीकडे राणी चारुमतीचे राज्य होते. नदी कोणाची, एवढ्यावरूनच दोघांचे वैर.

पहिल्या वर्षी राजा हत्ती घेऊन निघाला. मग काय झाले? आवळ्याएवढ्या गारा पडल्या! हत्ती बिथरले आणि आपल्याच सैन्याला पांगवत घरी पळाले. दुसऱ्या वर्षी राणी नावा घेऊन निघाली. मग असा महापूर आला, की नावा तिच्याच राजवाड्याच्या छपरावर जाऊन बसल्या.

"आभाळ फितूर आहे!" राजा म्हणे. राणीही तेच म्हणे, बरं का.

तिसऱ्या वर्षी पाऊसच पडला नाही. नदी आटली. वाळूत उकरलेल्या एका झिऱ्यात तेवढे पाणी उरले. राजाच्या नगरात लेकरे कोरड्या मडक्यांत तोंड घालून बसली होती. झिरा जिंकल्यावाचून परतायचे नाही, असे ठरवून राजा सैन्य घेऊन निघाला. पलीकडून राणीही आपले सैन्य घेऊन निघाली.

त्या काळी एक नियम होता. ज्याच्या ओंजळीत पाणी आहे, त्याच्यावर शस्त्र उचलायचे नाही. दोघांनी एकदमच झिऱ्यात हात घातले, ओंजळी भरल्या आणि समोरासमोर बसले. आता पाणी प्यावे, तर ओंजळ रिकामी होणार आणि समोरचे सैन्य तुटून पडणार!

"प्या ना, महाराज," राणी म्हणाली. "ओठ फुटलेत तुमचे."

"आधी पाहुण्यांनी घ्यावे."

"पाहुणी कसली? मी माझ्या नदीत बसले आहे!"

"नदी? कुठे आहे नदी, राणीसाहेब?"

ऊन चढले. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकू लागले. राणीच्या ओंजळीत जेमतेम दोन घोट उरले. राजा आणखी जरासा थांबता, तर जिंकता. पण मग त्याच्या मनात आले, पलीकडची मडकीही कोरडीच असतील. आभाळ फितूर नव्हते. ते कोणाच्याच बाजूचे नव्हते.

मग त्याने आपली ओंजळ हळूच राणीच्या ओंजळीत रिकामी केली.

राजाचे हात रिकामे झालेले दिसताच राणीचे सैनिक भाले उगारून धावले.

"मागे व्हा!" राणी कडाडली. "हे पाणी त्यांनीच दिले आहे." तिने एक घोट घेतला आणि ओंजळ राजाच्या ओठांशी धरली.

मग दोन्ही सैन्यांनी ढालींनी वाळू उपसायला घेतली. आणि काय आश्चर्य! जसजशी वाळू निघाली, तसतसे पाणी खळखळत वर आले. जणू नंदिका वाळूखाली लपून, ही दोघे शहाणी कधी होतात, याचीच वाट पाहत होती.

पुढे गारा पडल्या, पूर आले, उन्हाळे कडक झाले. पण दोन्ही तीरांवरची माणसे एकमेकांना धरून सुखाने नांदली.

चला, आता तुमच्याही मुठी उघडा आणि डोळे मिटा.