चंद्रीचा कान

फार जुनी गोष्ट. माळावरच्या बाभळीखाली चंद्री नावाची कोल्हीण राहायची. तिला झिपऱ्या नावाचं एकुलतं एक पिल्लू होतं. शेजारच्या बिळातल्या सावळीची पोरं दिवसभर धुळीत कुस्ती खेळायची. एकमेकांना लोळवायची, चावायची, केकाटायची आणि पुन्हा भिडायची. ते बघून झिपऱ्याचे पाय शिवशिवायचे. पण चंद्री त्याला शेपटीखाली दाबून म्हणायची, "काही नको! आपण आपली फुलपाखरं बघावीत."

"अगं, खेळू दे की त्याला," सावळी म्हणायची.

"तुझी पोरं दांडगट! माझ्या बाळाला ओरखडा आला तर?"

झिपऱ्या वाढला, तसे त्याचे दातही वाढले. एका संध्याकाळी लाडात येऊन त्यानं आईच्या मानेवर उडी घेतली आणि तिचा कान तोंडात धरला. चंद्री अशी किंचाळली की माळावरच्या टिटव्या उडाल्या. कानातून रक्त आलं.

झिपऱ्या भांबावला. "आई, मी तर खेळत होतो! एवढं दुखतं?"

सावळी धावत आली. एवढी दांडगट पोरं वाढवूनही तिचे दोन्ही कान धड होते. "आपला दात किती लागतो," ती म्हणाली, "हे दुसऱ्याचा लागल्याशिवाय कसं कळायचं गं त्याला?"

सकाळी चंद्रीनंच झिपऱ्याला नाकानं ढकलत धुळीत नेलं. थोड्याच वेळात तो केकाटला. चंद्री ताडकन उठली. मग तिचा कान ठणकला, आणि ती गुपचूप खाली बसली.