बोटभर चिरूट

कोळवडी संस्थानात चिरूट राजवाड्यात जायचा तो दिवाण त्रिंबकरावांनी ओढून पसंत केला तरच. आणि दरबाराची रीत अशी, की निकाल उभं राहून, महाराजांना मुजरा करून द्यायचा.

चिरूट वळणाऱ्या चंद्राक्काने आपला माल पुढे ठेवला, तेव्हा दिवाणजी हसलेच. "हा चिरूट की लवंग? इथे वीतभर लांबीचे चालतात!"

"बारका हाय, पर लई कडक हाय, सायेब. दमानं ओढा."

आता एक बाई आपल्याला चिरूट ओढायला शिकवणार? दिवाणजींनी झुरक्यावर झुरके मारले, धूर गिळला आणि भर दरबारात पाच मिनिटांत चिरूट संपवला.

"फिका! पाचोळा ओढल्यासारखा," ते खुर्चीतूनच म्हणाले. "नापास."

चंद्राक्काचा धंदाच बुडायला आला होता. तिच्या हाताखाली गल्लीतल्या वीस बायका चिरूट वळत होत्या. पण तेवढ्यात तिला दिवाणजींच्या कपाळावरचा घाम दिसला. खुर्चीचे हात तर त्यांनी घट्ट धरून ठेवले होते.

"निकाल कबूल, सरकार," ती म्हणाली. "फकस्त रीतीपरमानं उभं राहून द्यावा."

"बरोबर आहे," महाराज म्हणाले. "उठा, दिवाणजी."

दिवाणजी उठले. सारा दरबार त्यांच्याभोवती गरगर फिरला आणि ते धपकन खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले.

चंद्राक्काने पदर सावरला.

"चिरूट फिकाच हाय, सरकार. पर सायबांस्नी घरी न्यायला चार भोई बोलवा."