दगडाचा गरम कान

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावात दोन बहिणी होत्या. मोठी आवडू, धाकटी बयो. आणि दोघी घायकुत्या! कशा? तुम्ही लिफ्टचं बटण दहादा दाबता ना, अगदी तश्शा!

त्या गावच्या आंब्याच्या बागेत एक राखणदार राहायचा, बरं का. कुणाला दिसायचा नाही. पण मोसमातला पहिला पिकला आंबा त्याच्यापुढे ठेवायचा, मगच बाकीच्यांनी खायचा, अशी रीत. आणि बयोनं काय केलं? तोच आंबा उचलला आणि कचकन चावा घेतला!

"बयो, थुंक! थुंक आधी!" आवडू ओरडली.

"एकच घास गं ताई..."

आणि बयोचा झाला दगड! बापरे! बोलता बोलता दगड! गालावर आंब्याचा ओघळ, तोसुद्धा दगडाचा!

आवडू तर किंचाळायचंच विसरली. मग झाडातून घोगरा आवाज आला, "या तीन कोयी घे. लाव. झाड येईल, आंबा धरेल, तो आढीत आपसूक पिकू दे. त्याचा रस लाव, उठेल ही. पण घाई केलीस की कोय वाया!"

मग आवडूनं पहिली कोय लावली. सकाळी लावली, दुपारी उकरून बघितली! संध्याकाळी परत! एक दिवस इवलासा कोंब दिसला, तो हिच्याच नखानं कटकन मोडला. गेली की हो कोय!

मग दुसरी. आता तिनं मन घट्ट केलं. रोप आलं, झाड झालं, वर्षं गेली, एक आंबा धरला. हिरवागार, टणक. पण आवडूला कुठला धीर! तोडला, किसला, पिळला आणि आंबट रस बयोच्या कानाला चोळला. आणि काय सांगू, कान हलला! खरंच! सगळी बयो दगड, आणि एकटा कान गुलाबी, मऊ, गरम! आवडू धपकन खालीच बसली. तेवढ्यात मागं ते झाड उभ्या उभ्या वाळलं. एक हिरवं पान उरलं नाही.

राहिली एकच कोय. ही गेली की बयो कायमची दगड.

मग आवडूनं ती लावली. आणि उकरली नाही! पण हात शिवशिवायचे ना! मग ती उठायची आणि बयोच्या त्या कानाशी जाऊन बसायची. "बयो, दोन पानं आली गं, तांबूस." "बयो, माझं लग्न ठरलं. तुझे भावजी एक वाक्य बोलेपर्यंत भात शिजतो बघ!" आणि रोज एक गोष्ट. पाऊस आला की कानावर हात धरायची.

मग कधीतरी आंबा धरला. या वेळी तिनं तो चांगला तयार होऊ दिला. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, अलगद उतरवला, पेंढ्यात घालून आढी लावली. आणि आख्खा गाव घरात!

"बघू गं पिकलाय का! नुसता अंगठा लावते," शेजारच्या यमूकाकू म्हणाल्या.

"काकू, दाबलात की तिथंच नासेल! चला, बाहेर व्हा सगळे!"

सगळे गेले. आणि मग? आवडूचाच अंगठा पुढे! आंब्याला टेकणार, एवढ्यात तिला तो मोडलेला कोंब आठवला. तिनं अंगठा मुठीत आवळला, तडक बयोकडे गेली आणि कावळ्याची गोष्ट सुरू केली. अर्धी झाली असेल नसेल, घरातून वास आला, घमघम! आंबा आपणहून हाक मारत होता!

मग रस लावला. कपाळाला, गालांना, ओठांना. आणि बयोनं डोळे उघडले! तेवढीच! तेवढीच छोटी! आणि आवडूच्या केसांत पांढरी बट. बयो तर घाबरून मागंच सरकली. "कोण तुम्ही? माझी ताई कुठंय?"

आवडूला वाटलं, एवढी वर्षं थांबले, आणि ही मला ओळखतच नाही? कशीबशी म्हणाली, "बयो..."

आवाज ऐकला मात्र, बयोचा हात कानाकडे गेला. "ताई! तूच!" आणि घातली गळ्यात मिठी. मग म्हणते कशी, "पुढं काय झालं कावळ्याचं? अर्धीच सोडलीस!"

आवडू हसते काय, रडते काय! आणि बयोनं काय केलं माहितेय? उरलेला आंबा उचलला, वास घेतला, आणि न चाटता राखणदारापुढे नेऊन ठेवला. स्वतःहून!

मग त्या दोघी सुखात राहिल्या, भावजींचं वाक्यही पूर्ण ऐकायला शिकल्या. आणि तुम्ही रे? झोप आली का, आली का, असं सारखं बघू नका. तीही आढीतल्या आंब्यासारखीच. मिटा डोळे. आपसूक येईल.